छडी नसलेल्या घराचा प्रश्न

मूल जन्माला येताना कोणतीही शिस्त सोबत आणत नाही. ती त्याच्या आधीच घरात आलेली असते आणि बहुधा दाराच्या चौकटीवर खोवलेली असते. मूल चालायला लागलं की ती खाली उतरते, मूल दहावी झालं की पुन्हा वर जाते, आणि मधल्या काळात तिला धूळ बसायला सवड मिळत नाही. केरळात, कुट्टनाडातल्या वट्टत्तरा पंचायतीत ही व्यवस्था कित्येक पिढ्या विनातक्रार चालू होती (तक्रार असणाऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हा भाग वेगळा).

अशा सुरळीत कारभारात 'विनावेत वळण' ही योजना आली. सहा वर्षांखालच्या मुलांना न मारता वळण कसं लावावं, याचं आईबापांना मार्गदर्शन करायचं आणि ते काम उपकेंद्राच्या नर्सने करायचं, असं ठरलं. नर्सनेच का, याचं कारण योजनेच्या प्रस्तावनेत दिलं होतं. आईबाप शिक्षकांचं ऐकत नाहीत, पुढाऱ्यांचं ऐकत नाहीत, एकमेकांचं तर नाहीच नाही. पण जिच्या हातात सुई असते तिचं सगळे ऐकतात.

प्रभाग नऊची सुई शोशाम्मा सिस्टरांच्या हातात होती. वय चोपन्न, नोकरी एकोणतीस वर्षं, गुडघे दोन, आणि दोन्ही कामातून गेलेले. कुट्टनाडात पाणी वर आणि भातशेती खाली असल्यामुळे घरोघरी जायचं तर बांधावरून चालायचं, दोन ठिकाणी होडीत चढायचं आणि दोन ठिकाणी उतरायचं. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात पर्यवेक्षिकेची एक खुर्ची रिकामी होणार होती. खुर्ची फिरती होती आणि तिच्यात बसणाऱ्याला फिरावं लागत नव्हतं. ज्या सिस्टरचा प्रभाग चौदा नोव्हेंबरच्या आत शंभर टक्के छडीमुक्त होईल तिला ती मिळेल, असं पत्रकात नव्हतं. पण तालुक्याहून योजना बघणाऱ्या राधामणी मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, आणि राधामणी मॅडमचं फोनवरचं बोलणं पत्रकापेक्षा पक्कं असे.

मात्र शोशाम्मा सिस्टरांनी हे काम नुसतं खुर्चीसाठी केलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्यांना नऊ नियमांची पुस्तिका मिळाली होती आणि ती त्यांना मनापासून पटली होती. चौथा नियम होता: 'भीतीने मूल गप्प होते, शहाणे होत नाही.' तो वाचताना त्यांना आपला मुलगा आठवला. तो आयर्लंडला असतो, दर रविवारी न चुकता फोन करतो, आणि आई काही बोलायला लागली की आधी 'हो' म्हणतो, मग ऐकतो. तीस वर्षांचा झाला तरी. त्या दिवशी शोशाम्मा सिस्टरांना फार वाईट वाटलं आणि त्यांनी पुस्तिकेला प्लास्टिकचं वेष्टन घातलं.

मार्गदर्शन बुधवारी होई. बुधवार लसीकरणाचा. लस टोचल्यावर अर्धा तास मुलाला घेऊन व्हरांड्यात थांबावंच लागतं, त्यामुळे श्रोत्यांची उपस्थिती उत्तम असे. वीसेक मुलं सुईच्या नावाने टाहो फोडत असत आणि त्यातच शोशाम्मा सिस्टर 'मुलाशी शांत, हळू आवाजात बोला' हा दुसरा नियम ओरडून सांगत.

आईबापांनी नियम मनावर घेतले. 'चांगल्या वागण्याचे कौतुक करा' हा नियम घरोघरी लगेच अमलात आला. "वा, फार छान, अजून एक बशी फोड बाळा," असं कौतुक प्रभागात दिवसभर ऐकू येऊ लागलं. 'किरकोळ हट्टाकडे दुर्लक्ष करा' हा नियम बापांनी विशेष आत्मीयतेने पाळला; काहींनी तो योजनेच्या आधीपासूनच पाळत असल्याचं सांगितलं. 'मुलाला धमकी देऊ नका' या नियमाची मात्र थोडी पंचाईत झाली, कारण प्रभागातल्या मुलाबाळांच्या अठ्ठ्याऐंशी घरांपैकी एकसष्ट घरांत दिली जाणारी धमकी "सिस्टरला बोलावू का?" ही होती. मार्गदर्शन करायला सिस्टर दारात आल्या की मुलं माडाच्या मागे पळत. सिस्टरांनी हा प्रकार अहवालात लिहिला नाही. अहवालाच्या छापील नमुन्यात शिक्षेच्या साधनांची यादी होती, आणि माणसं साधनांत धरावीत असा आदेश नव्हता.

मार्गदर्शनानंतर साधनं जमा करण्याचा टप्पा. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या अठ्ठ्याऐंशी घरांपैकी सत्त्याऐंशी घरांनी दोन महिन्यांत आपापलं साधन सिस्टरांच्या हवाली केलं. त्याचा तपशील असा: खराट्याचे हीर अडतीस, वेत एकवीस, शिपट्या चौदा (पेरूच्या नऊ, चिंचेच्या पाच), करवंटीच्या डवल्या आठ, छत्रीच्या काड्या तीन, फूटपट्ट्या दोन आणि बंद पडलेल्या टेलिफोनची वायर एक. अडतीस हीर जमा झाले आणि ज्या अडतीस खराट्यांतून ते काढले ते खराटे दाराआड तसेच उभे राहिले. एका खराट्यात सरासरी दीडशे हीर असतात. पण खराटा हे स्वच्छतेचं साधन आहे, आणि तो विभाग वेगळा.

राहिलं घर क्रमांक १३७.

तिथे सुगतन राहत होता, चारशे बदकं राखणारा. बायको लतिका, मुलगी माळू, वय सव्वाचार. शोशाम्मा सिस्टर पहिल्यांदा गेल्या तेव्हा माळू पळाली नाही. ती समोर येऊन उभी राहिली.

"आज टोचणार?" तिने विचारलं.

"नाही, मोळे," सिस्टर म्हणाल्या (मोळे म्हणजे पोरी).

"मग बस."

सिस्टर बसल्या. सुगतन बाहेर आला, तेव्हा त्यांनी नमुना काढला आणि छडी मागितली.

"छडी?" सुगतन म्हणाला. "नाही हो सिस्टर."

"असेल कुठेतरी. आठवून बघा. छपरात, फोटोमागे, फ्रिजवर."

"फ्रिजवर पावाची पिशवी आहे."

"मग मारता कशाने?"

"मारत नाही."

सिस्टर हसल्या. हे उत्तर त्यांनी सत्त्याऐंशी घरांत ऐकलं होतं आणि त्यानंतर सत्त्याऐंशी घरांत छडी मिळाली होती. त्यांनी लतिकाकडे पाहिलं. "तू तरी खरं सांग गं. हाताने?"

"हाताने भरवते," लतिका म्हणाली.

तेवढ्यात माळूने बदकांच्या कोंड्याचं घमेलं पायरीवरून पाण्यात उपडं केलं. मुद्दाम. सिस्टरांनी घड्याळ पाहिलं, कारण आता साधन आपोआप बाहेर येईल असा त्यांचा अनुभव होता. सुगतन म्हणाला, "माळू, कोंडा बदकांचा होता. आता त्यांना काय घालायचं?" माळूने भोकाड पसरलं, जमिनीवर लोळली, बापाच्या अंगावर माती उडवली. सुगतन कमरेचं मुंडू आवरून तिच्याशेजारी पायरीवर बसला. बोलला नाही, रागावला नाही, फोनही बघितला नाही. अकरा मिनिटं बसला. बाराव्या मिनिटाला माळू उठली, नाक पुसलं आणि घमेलं घेऊन पोत्याकडे गेली. अर्धं घमेलं भरलं, अर्धं सांडलं, पण आणलं.

शोशाम्मा सिस्टर गार पडल्या. नियम दोन, तीन, सहा आणि आठ, एकाच पायरीवर, तेही प्रशिक्षणाला एकदाही न आलेल्या माणसाकडून. प्रशिक्षणात प्रात्यक्षिकासाठी कापडाची बाहुली आणली होती, तिच्याही बाबतीत इतकं जमलं नव्हतं.

शेजारच्या कार्त्यायनीअम्मा कुंपणापाशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. वय पंचाहत्तर, मत ठाम. "याच्या आईनेही याला कधी बोट लावलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून बघा, बदकांमागे फिरतोय. माझ्या तिघांना मी रोज फोडून काढायची. तिघंही गल्फात."

"येतात का?" सिस्टरांनी विचारलं.

"येतील की. सवड झाली की येतील." कार्त्यायनीअम्मांनी कुंपणावरून हात लांब केला. मग म्हणाल्या, "आणि छडी नाही कसली? ती बघा, माडाएवढी काठी उभी आहे."

ती बदकं वळवायची काठी होती. सिस्टरांनी आशेने टेप लावली. भरली तीनशे नव्वद सेंटिमीटर. नमुन्यातल्या 'लांबी' या रकान्यात दोनच आकड्यांची जागा होती.

"आणि तिने मी बदकांनाही मारत नाही," सुगतन म्हणाला. "पाण्यावर आपटतो. त्यांना कळतं."

सिस्टरांनी राधामणी मॅडमना फोन केला.

"मॅडम, या घरात काहीच नाही. 'नाही' असं लिहू का?"

"'नाही' असा पर्यायच नाही, सिस्टर."

"मग घालून द्या ना."

"समितीत यावर दोन बैठका झाल्यात. 'नाही' ठेवला तर सगळेच 'नाही' म्हणतील. मग योजना कोणासाठी राबवायची?"

"पण इथे खरंच नाही हो."

"हे बघा, छडी नाही म्हणजे एक तर ते लपवतायत, नाहीतर त्यांनी अजून घेतली नाही. दोन्ही प्रकारांत मार्गदर्शनाची गरज आहे. प्रभाग आठ एकशेचार टक्क्यांवर गेलाय, सिस्टर. तिथे पोरंबाळं नसलेल्यांनीही छड्या दिल्यात. तुम्ही एका घरासाठी अडलात."

शोशाम्मा सिस्टर दुसऱ्यांदा गेल्या, तिसऱ्यांदा गेल्या. प्रभागात बातमी पसरली. एक घर छडी देत नाही म्हटल्यावर ती किती मोठी असेल, याचे अंदाज सुरू झाले. चहाच्या टपरीवर सुगतनला "काय, दाखवत नाहीस होय?" असं विचारलं जाऊ लागलं. अंगणवाडीत दोन आयांनी आपल्या मुलांना माळूपासून लांब बसवलं, कारण एवढ्या माराने दबलेली मुलं कशी वागतील सांगता येत नाही (माळू त्या वेळी बाकावर उभी राहून गात होती).

तिसऱ्या खेपेला लतिकाने सिस्टरांना आत बोलावून हळूच विचारलं, "सिस्टर, आमचं काही चुकतंय का? सगळ्यांकडे आहे."

शोशाम्मा सिस्टरांना खरं उत्तर ठाऊक होतं. तुमचं काही चुकत नाही, एवढे चारच शब्द. पण चौदा तारीख नऊ दिवसांवर होती, घर एकच राहिलं होतं आणि गुडघे ठणकत होते. शिवाय त्यांना मार्गदर्शन करायलाच पाठवलं होतं. त्यांनी केलं.

"असं करा. एक छडी आणा. आठ दिवस घरात नुसती ठेवा. मारायचं नाही. चौदा तारखेला जमा करा. झालं तुमचं घर छडीमुक्त."

"आत्ता काय आहे?" सुगतनने दारातून विचारलं.

"आत्ता ते नुसतं छडी नसलेलं आहे. मुक्त व्हायचं तर आधी असावी लागते ना?"

सुगतनने थोडा विचार केला. त्याला ते पटलं नाही, पण सिस्टरांचे सुजलेले गुडघे त्याने पाहिले होते. "तुमचं काम अडत असेल तर आणा," तो म्हणाला.

उपकेंद्रामागच्या पेरूची एक शिपटी सिस्टरांनी स्वतः तोडून आणली. लांबी बावन्न सेंटिमीटर, दोन आकडी. लतिकाने ती दाराच्या चौकटीवर ठेवली, कारण सगळ्यांकडे तिथेच असते. माळूने लगेच ती काढून मागितली. ही कशासाठी, हे तिला कोणी सांगेना, म्हणून तिने ते स्वतःच ठरवलं. पहिल्या दिवशी तिने तिच्याने खेकड्यांची सगळी बिळं मोजली. दुसऱ्या दिवशी चिखल ढवळला. नंतर ती उभी धरून चतुर येऊन बसतो का, याची वाट बघत पायरीवर बसून राहिली, दोनदा बसला. संध्याकाळी लतिका शिपटी धुऊन परत चौकटीवर ठेवी.

सातव्या दिवशी सिस्टर पाहणीला गेल्या, तेव्हा लतिका चुलीपाशी बसली होती.

"काल मासे करपले," ती म्हणाली. "त्यात हिने पीठ सांडलं. माझी नजर वर गेली, सिस्टर. चौकटीकडे. हात नाही गेला. पण नजर गेली. याआधी कधी जायची नाही, जायला जागाच नव्हती."

 एकोणतीस वर्षांत शोशाम्मा सिस्टरांनी या प्रभागात गोवर येऊ दिला नव्हता, आणि आज आपणच एका निरोगी घरात काहीतरी आणून ठेवलं, असं त्यांना वाटलं. फार लाज वाटली. शिपटी तिथल्या तिथे मोडून चुलीत घालावी, असंही वाटलं. "एकच दिवस राहिलाय," त्या म्हणाल्या आणि होडीकडे निघाल्या.

चौदा नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता गावच्या वाचनालयाच्या सभागृहात समारंभ झाला. उपस्थिती तीनशे अकरा. टेबलावर सत्त्याऐंशी साधनं झेंडूची माळ घालून रचलेली. अध्यक्ष म्हणून निवृत्त मुख्याध्यापक कुरियाकोस सरांना बोलावलं होतं. या विषयातला त्यांचा अधिकार वादातीत होता. पंचायतीच्या सदस्यांपैकी तिघांना अजूनही त्यांच्यासमोर हाताचे तळवे मिटून बसायची सवय होती. अठ्ठ्याऐंशीवं साधन खुद्द एका बालिकेच्या हस्ते स्वीकारून प्रभाग शंभर टक्के झाल्याचं जाहीर करायचं, ही कल्पना राधामणी मॅडमची.

माळू शिपटी घेऊन व्यासपीठावर गेली.

"दे बाळ," कुरियाकोस सर माइकवर म्हणाले.

"का?"

"म्हणजे तुला यापुढे हिने कोणी मारणार नाही."

"हिने मारतात?" माळूने शिपटीकडे पाहिलं. मग सभागृहाकडे. "कोण?"

तीनशे अकरा माणसांत कोणीही हात वर केला नाही. मुलं मात्र आपापल्या आईबापांकडे बघू लागली आणि आईबाप पंख्याकडे.

"ही माझी आहे," माळू म्हणाली आणि शिपटी मांडीवर घेऊन व्यासपीठाच्या मधोमध बसली.

मग समजावणं झालं. बिस्किटाचा पुडा झाला. फुगा झाला. राधामणी मॅडमनी शिपटीचं टोक धरून बघितलं, तेव्हा माळूने असा सूर लावला की माइकनेही शिट्टी घातली. सुगतन वर आला, मुंडू आवरून तिच्याशेजारी बसला. पाच मिनिटं. दहा. कुरियाकोस सरांना पुढे एका बारशाला जायचं होतं. वडे थंड होत होते. मागच्या रांगेतून कार्त्यायनीअम्मांचा आवाज आला, "एक ठेवून द्या, दोन मिनिटांत उठेल." त्या एकट्याच बोलल्या. बाकीच्या तीनशे दहा जणांनी नुसती मान डोलावली.

"सिस्टर," राधामणी मॅडम दातांतल्या दातांत म्हणाल्या, "तुमचा प्रभाग. उरका."

शोशाम्मा सिस्टर पुढे झाल्या. "मला बघू, मोळे," त्या म्हणाल्या, आणि माळूने विश्वासाने शिपटी त्यांच्या हातात दिली. पुस्तिकेप्रमाणे इथे धन्यवाद म्हणून शिपटी टेबलावर ठेवायची होती. पण घामाने अंग चिंब झालं होतं, सगळं गाव बघत होतं, आणि माळू लगेच हात पुढे करून म्हणाली, "बघितलीस ना? आता दे." एक मूल, एक शिपटी आणि एक मोठं माणूस घाईत. उजवा हात आपोआप खांद्याच्या वर गेला. त्याला रस्ता पाठ होता.

माळूने मान वर केली. तिने डोळे मिटले नाहीत. खांदे आक्रसले नाहीत, हात डोक्यावर घेतले नाहीत. ती शिपटीच्या टोकाकडे टक लावून बघत होती. एवढ्या उंच धरलीये म्हणजे चतुर येणार, अशा खात्रीने बघत होती.

"बसला?" तिने कुजबुजत विचारलं.

शोशाम्मा सिस्टरांचा हात तिथेच राहिला. आयर्लंडला असलेल्या आपल्या मुलाला त्यांनी अठरा वर्षं वाढवलं होतं, पण वर गेलेल्या हाताकडे असं बघताना त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "नाही गं," त्या म्हणाल्या. "घाबरून उडाला." शिपटी त्यांनी माळूच्या हातात दिली, टेबलापाशी जाऊन नमुना काढला, शेवटच्या रकान्याखाली पेनने एक रेघ मारून नवा रकाना पाडला आणि त्यात लिहिलं: 'छडी नव्हती. मी आणली होती.' खाली सही केली.

प्रभाग नऊ अठ्ठ्याण्णव पूर्णांक शहाऐंशी टक्क्यांवर थांबला. खुर्ची प्रभाग आठच्या सिस्टरना मिळाली. शोशाम्मा सिस्टर अजून बांधावरून चालतात, गुडघे कुरकुरतात, आणि १३७ च्या पायरीवर त्या कारण नसतानाही बसतात. सरकारी नमुन्यात बिनपरवानगी रकाना पाडल्याबद्दल त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला. खुलासा वाचून समितीची तिसरी बैठक झाली आणि 'नाही' हा पर्याय रीतसर मंजूर झाला. अपेक्षेप्रमाणे सगळ्यांनीच तो निवडला.

त्यामुळे आता पडताळणीची पद्धत ठरली आहे. आईबापांना काही विचारायचं नाही, चौकट तपासायची नाही, सही घ्यायची नाही. मूल जवळ खेळत असताना मोठ्या माणसाने सहज हात वर करायचा, फळीवरचा डबा काढायला किंवा डोकं खाजवायला, आणि मुलाच्या डोळ्यांकडे बघायचं. एवढंच. याला नर्स लागत नाही, नमुना लागत नाही, कुट्टनाडला जावं लागत नाही. माळूने शिपटी द्यायला इतका वेळ लावला, तेव्हा तिला एक ठेवून द्यायला हवी होती असं ज्या वाचकांच्या मनात येऊन गेलं, त्यांनी ही पडताळणी आजच घरी करावी. निकाल कुठेही कळवायचा नाही. तुम्हाला आणि त्या मुलाला तो आधीपासूनच माहीत आहे.